ध्रुवीकरणाचा कर्ता शोधताना

माझ्या पहिल्या पत्राला आलेलं पहिलं उत्तर एका ओळीचं होतं. ‘आमचा समाज विभागलेला आहे, हे तुमचं तुम्हीच ठरवून टाकलेलं दिसतं.’ खाली सही, पक्षाचं चिन्ह आणि मुलाखतीला नकार.

पीएचडीसाठी मी उत्तर आयर्लंडमधल्या राजकारण्यांच्या मुलाखती घ्यायला निघाले होते. दोन तट पडलेल्या समाजात तिथल्या पुढाऱ्यांना ध्रुवीकरण कसं दिसतं, हा विषय. ते किती आहे हे मोजणारे पुष्कळ आहेत, मला मोजायचं नव्हतंच. ज्यांच्या हातात माइक असतो, त्यांना ते कुणामुळे आलंय असं वाटतं आणि त्यात आपण स्वतः कुठे उभे आहोत असं वाटतं, एवढं ऐकायचं होतं.

‘विभागलेला समाज’ हा शब्द आमच्या शास्त्रात इतका गुळगुळीत झालाय की तो कुणाला बोचेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पत्र पुन्हा लिहायला घेतलं, तर जागेच्या नावापासून अडचण. युनियनिस्ट मंडळी, म्हणजे ब्रिटनबरोबर राहू इच्छिणारी, ‘नॉर्दर्न आयर्लंड’ म्हणतात, कधी ‘अल्स्टर’ म्हणतात. आयर्लंड एक व्हावं असं म्हणणाऱ्या नॅशनलिस्टांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडी ‘द नॉर्थ’ असतं, काहींच्या तोंडी ‘सहा काउंट्या’. एका शहराला अर्धे लोक डेरी म्हणतात, अर्धे लंडनडेरी. तीन दिवस त्या पत्रात घालवून शेवटी मी जिथे जिथे जागेचं नाव होतं तिथे तिथे ‘इथे’ लिहिलं. ‘इथे’ कुणालाच टोचलं नाही. ‘ध्रुवीकरण’ मात्र काढता येईना, कारण प्रबंधाचं शीर्षक माहितीपत्रकावर छापलंच पाहिजे, असा एथिक्स कमिटीचा नियम.

मी पोचले २०२३च्या फेब्रुवारीत. त्या वेळी असेंब्ली, म्हणजे तिथली विधानसभा, बंद होती. ब्रेक्झिटनंतर ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये समुद्र ओलांडून येणाऱ्या मालाची बंदरांवर तपासणी सुरू झाली, त्याच्या निषेधार्थ युनियनिस्टांच्या डीयूपी या पक्षाच्या फर्स्ट मिनिस्टरने (तिथला मुख्यमंत्रीच म्हणा) २०२२च्या फेब्रुवारीत राजीनामा दिला होता. मे महिन्यात निवडणूक झाली, नॅशनलिस्टांच्या शिन फेन पक्षाला २७ आणि डीयूपीला २५ जागा मिळाल्या, पण साधा सभापतीही निवडला गेला नाही. दोन्ही बाजू सत्तेत असल्याशिवाय सरकार बनतच नाही, अशी १९९८च्या गुड फ्रायडे कराराची, म्हणजे तिथला दीर्घ हिंसाचार संपवणाऱ्या शांतता कराराची, रचना आहे. एक बाजू उठून गेली की दुकान बंद. सदस्यांचे पगारही चौथाईहून जास्त कापले होते. लोकांचे हाल होत होते, पण माझ्या पथ्यावर पडलं. नव्वदच्या नव्वद आमदार (सोयीसाठी आमदारच म्हणते) आपापल्या मतदारसंघात सापडत होते.

साठेक पत्रं, त्यांतून तेवीस मुलाखती. त्या मिळाल्या त्या पुढाऱ्यांमुळे नाही, त्यांची ऑफिसं सांभाळणाऱ्या बायकांमुळे. ‘गुरुवारी या, गुरुवारी त्यांचा मूड बरा असतो’, असं एकीने सांगितलं आणि ते तंतोतंत खरं निघालं.

माझी बाजू कुठली, हा प्रश्न अर्थातच यायचा. तिथे नॅशनलिस्ट बहुतेक कॅथलिक आणि युनियनिस्ट बहुतेक प्रोटेस्टंट. त्यावर तिथला एक जुना विनोद आहे. पाहुण्याला विचारतात, कॅथलिक की प्रोटेस्टंट? तो म्हणतो, मी ज्यू. मग पुन्हा प्रश्न: कॅथलिक ज्यू की प्रोटेस्टंट ज्यू? माझ्या बाबतीत ज्यूच्या जागी हिंदू घालून हा विनोद मला सात वेळा ऐकवला गेला. पाचव्यांदा ऐकल्यावर मी कोण सांगतंय याची नोंद ठेवायला लागले. दोन्हीकडचे सांगत होते. वर प्रत्येक जण तो असा सांगायचा, की वेडेपणा दुसऱ्या कुणाचा तरी आहे आणि आपण दोघं बाहेर उभं राहून हसतोय.

पहिली मुलाखत साफ फसली. ‘इथे ध्रुवीकरण वाढलंय असं तुम्हाला वाटतं का?’ असा सरळ प्रश्न विचारला आणि समोरच्याने चाळीस मिनिटं मला पत्रक वाचून दाखवलं. कागद हातात नव्हता, एवढाच फरक. रात्री गाइडला फोन केला. त्या म्हणाल्या, ‘ध्रुवीकरण हा तुझा शब्द आहे, त्यांचा नाही. मत विचारू नकोस, प्रसंग विचार.’ मग मी प्रश्नच बदलला: ‘एखादी गोष्ट बोलायची होती आणि तुम्ही गिळून टाकलीत, असं शेवटचं कधी झालं?’ या प्रश्नावर बहुतेक जण आधी खिडकीबाहेर बघायचे.

त्यातली एक मुलाखत लक्षात राहिली आहे. काचेला जाळी लावलेलं तळमजल्यावरचं ऑफिस, रेडिएटरवर वाळत टाकलेला रेनकोट. टेबलावर दोन ट्रे. मी सहज विचारलं, दोन कशाला? ते म्हणाले, ‘हा घरांचा.’ म्हणजे भिंतींना आलेली ओल, अडकलेले भत्ते, हॉस्पिटलची वेटिंग लिस्ट. तो ट्रे इतका भरला होता की वरचे कागद घसरू नयेत म्हणून वर स्टेपलर ठेवला होता. ‘आणि हा बाकीचा.’ बाकीच्यात झेंडे, मिरवणुका, समुद्रातली सीमा, रस्त्यांवरच्या आयरिश भाषेतल्या पाट्या. त्यात सात-आठ पत्रं असतील.

त्यांनी त्यातलं वरचं पत्र उचललं. निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं. ‘हा गृहस्थ दर आठवड्याला लिहितो. आमच्याच बाजूचा आहे.’

‘आणि तिकडच्यांची पत्रं?’

‘घरांच्या ट्रेमध्ये आहेत की. ओल कुणाच्याही भिंतीला येते. पण या ट्रेमध्ये ते मला कशाला लिहितील? ते मला मत थोडंच देणार आहेत.’

मग दोन्ही ट्रेंकडे बघत म्हणाले, ‘त्या ट्रेमधल्या माणसाचं काम झालं नाही तर तो माझ्यावर चिडतो. या ट्रेमधला चिडत नाही, तो सरळ दुसऱ्या पक्षाकडे जातो.’ दुसरा म्हणजे समोरचा नव्हे. आपल्याच बाजूचा, आपल्याहून कडवा.

एक संध्याकाळ या वाक्यावर विचार करण्यात गेली. पुढाऱ्यांना समोरची बाजू कशी दिसते, ते मी ऐकायला आले होते. इथे तर त्यांची नजर समोर नव्हतीच, पाठीमागे होती. आधीच्या मुलाखती पुन्हा ऐकल्या, तर तेच. समोरच्याबद्दल बोलताना आवाज सरावलेला, घासून गुळगुळीत झालेला. आपल्याच गोटातल्या प्रतिस्पर्ध्याचं नाव आलं की वाक्यं तुटायची.

याला कारण आहे, आणि ते तिथल्या प्रत्येक राजकारण्याला तोंडपाठ आहे. १९९८चा करार घडवणाऱ्यांपैकी दोघांना, अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे डेव्हिड ट्रिंबल आणि नॅशनलिस्टांच्या एसडीएलपी पक्षाचे जॉन ह्यूम यांना, त्याच वर्षी शांततेचं नोबेल मिळालं. सार्वमतात ७१ टक्के लोकांनी करार उचलून धरला होता. पाच वर्षांनी, २००३च्या निवडणुकीत, दोघांचेही पक्ष आपापल्या बाजूला मागे पडले. डीयूपी आणि शिन फेन पुढे गेले. २००५मध्ये ट्रिंबल यांची वेस्टमिन्स्टरची, म्हणजे ब्रिटिश संसदेतली, जागाही गेली. माझ्याशी बोललेल्यांपैकी निम्म्यांनी तरी हा किस्सा न विचारता सांगितला, नोबेलवर किंचित जोर देऊन. पारितोषिक ओस्लोत मिळतं, मतं इथे मागावी लागतात, असा त्याचा सूर.

हे ऐकताना मला आमच्या पाठ्यपुस्तकातले राज्यशास्त्रज्ञ आरेंड लाइपहार्ट आठवत होते. १९६०च्या दशकात नेदरलँड्सचा अभ्यास करून त्यांनी मांडणी केली, की खाली लोक वेगवेगळ्या कप्प्यांत राहत असले तरी वर पुढारी शहाणपणाने एकत्र येऊन राज्य चालवू शकतात. उत्तर आयर्लंडचा करार बराचसा याच घाटाचा आहे. गंमत म्हणजे मला मुलाखत देणारे सगळे स्वतःला याच चित्रात बघत होते. आम्ही वर बसलेले समजूतदार, खाली लोक तापलेले. ‘माझं काय, मी उद्या हात मिळवीन, पण माझे लोक ऐकणार नाहीत.’ हे वाक्य मी दोन्ही बाजूंकडून, जवळजवळ याच शब्दांत ऐकलं.

आता हे लोक कोण? तिथे १९९८पासून लोकांच्या मतांची एक मोठी पाहणी होत आली आहे. २०१८च्या फेरीत निम्म्या लोकांनी सांगितलं होतं, की आम्ही स्वतःला युनियनिस्टही म्हणवत नाही आणि नॅशनलिस्टही. हा आकडा मी काही मुलाखतींच्या शेवटी पुढे केला. कुणीही तो खोटा म्हटला नाही. एक जण शांतपणे म्हणाले, ‘बरोबर असेल. पण ते मला पत्रं लिहीत नाहीत.’ एक बाई म्हणाल्या, ‘मतपेटीपर्यंत जाताना त्यांना आठवतं आपण कोण आहोत ते.’ यातही तथ्य आहे. पण २०१७मध्ये आठ जागा असलेला, दोन्ही तटांबाहेरचा अलायन्स पक्ष २०२२मध्ये सतरावर गेला, तेही त्याच मतपेटीतून.

मी तिथे असतानाच, मे महिन्यात, स्थानिक निवडणुका होत्या. एका उमेदवाराबरोबर दारोदार फिरायची परवानगी मिळाली. मी मागे, हातात पत्रकांचा गठ्ठा. पहिल्या आठ दारांपैकी सहा ठिकाणी लोकांनी हॉस्पिटलचा विषय काढला. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कुणी तीन वर्षं थांबलेलं, कुणी चार. प्रत्येक दारात उमेदवाराने ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मग स्वतःच विचारलं, ‘आणि त्या सीमेच्या भानगडीबद्दल तुम्हाला काय वाटतं?’ की लगेच समोरच्याचा चेहरा बदलायचा, आवाज चढायचा. कोपऱ्यावर पोचल्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघितलंस? लोक किती तापलेत.’ तो खोटं बोलत नव्हता. त्याने खरोखरच तापलेले लोक बघितले होते.

रचनेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा दोष माणसांच्या डोक्यावर फोडणं अन्यायाचं होईल. असेंब्लीत निवडून आल्यावर रजिस्टरवर सही करताना आपण युनियनिस्ट, नॅशनलिस्ट की ‘इतर’, हे लिहून द्यावं लागतं. महत्त्वाच्या काही ठरावांना दोन्ही गटांची वेगवेगळी संमती लागते. ‘इतरां’चं मत फक्त एकूण बेरजेत धरलं जातं. २००१मध्ये फर्स्ट मिनिस्टर म्हणून ट्रिंबल यांच्या फेरनिवडीला युनियनिस्टांची मतं कमी पडली, तेव्हा अलायन्सच्या तीन आमदारांनी तेवढ्यापुरती ‘युनियनिस्ट’ म्हणून नोंद करून घेतली आणि निवड पार पडली. सरकार वाचवायला तट बदलायचा, तोही अर्ज भरून! एका ‘इतर’ आमदाराला मी विचारलं, ध्रुवीकरण तुम्हाला कुठे दिसतं? उत्तर आलं, ‘हजेरीपटात.’

आणखी एक हत्यार म्हणजे तीस सह्यांचा अर्ज. तो आला की ठरावाला साधं बहुमत पुरत नाही, दोन्ही गटांचा पाठिंबा लागतो. एका समाजाने दुसऱ्याला चिरडू नये म्हणून ठेवलेली ही तरतूद २०११ ते २०१६ या काळात शंभराहून जास्त वेळा वापरली गेली. समलिंगी विवाहाचा ठराव २०१५च्या नोव्हेंबरमध्ये ५३ विरुद्ध ५२ असा मंजूर होऊनही याच अर्जाने अडला. पुढे नियम थोडा कडक केला.

रेकॉर्डर बंद केल्यानंतरची दहा मिनिटं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग होता. लाल दिवा विझला की माणसं खुर्चीत सैल व्हायची आणि खरं बोलायला लागायची. ते वापरायचं नाही, हे मी लिहून दिलं होतं, त्यामुळे इथेही सांगणार नाही. एक मात्र सांगायला हरकत नसावी: दिवा चालू असताना समोरच्या पक्षातला माणूस आडनावाने यायचा, दिवा विझल्यावर पहिल्या नावाने.

मग शब्दांकन. तासाभराच्या मुलाखतीला माझे सहा तास जायचे, म्हणून एका सॉफ्टवेअरची मदत घेतली. घरचे लोक विचारायचे, ‘अजून लिहितेयस?’ अजून लिहीतच होते.

कोडिंगच्या, म्हणजे मुलाखतींतल्या वाक्यांवर खुणा करून त्यांची वर्गवारी करण्याच्या, वेळी मला शाळेतलं व्याकरण उपयोगी पडलं, हे गाइडना सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. आपल्याकडच्या बातम्यांत ध्रुवीकरण ‘केलं’ जातं. अमुक पक्षाने मतांचं ध्रुवीकरण केलं, असं आपण वाचतो. वाक्यात कर्ता असतो, निदान संशयित तरी असतो. इंग्रजीत समाज आपोआपही ‘पोलराइज’ होतो, दूध नासावं तसा. मुलाखती अर्थातच इंग्रजीत होत्या. तरी मी समासात पेन्सिलने तीन खुणा करायला लागले: कर्तरी, कर्मणी, भावे. व्याकरणाच्या काटेकोर अर्थाने नव्हे, माझ्या सोयीने: कर्ता उघड, कर्ता लपलेला, कर्ता नाहीच. आणि चित्र उमटत गेलं. समोरच्या बाजूबद्दलची वाक्यं कर्तरी: त्यांनी पेटवलं, ते भडकवतात, त्यांना तोडायचंच आहे. आपल्या बाजूबद्दल आलं की कर्मणी: काही विधानं केली गेली, चुका झाल्या असतील, पत्रकं वाटली गेली. आणि संपूर्ण समाजाबद्दल भावे. वातावरण बिघडलं, असं कुणी म्हणायचं, तर कुणी म्हणायचं की अंतर वाढत गेलं. पाऊस पडतो तसं.

प्रश्न अगदीच अडचणीचा झाला, तर ‘आणि त्यांचं काय?’ हे होतंच. या सवयीला इंग्रजीत ‘व्हॉटअबाउटरी’ म्हणतात आणि तो शब्द १९७०च्या दशकात तिथल्याच भांडणांतून रूढ झालाय, याचा काही जणांना थोडा अभिमानही दिसला.

मी सगळ्यात शोधत होते ती चौथी खूण. कर्तरी प्रयोग, कर्ता ‘आम्ही’. सॉफ्टवेअरने काढलेल्या शब्दांकनात ‘वी’ शेकड्यांनी होते आणि मी हरखून गेले. पुढारी जबाबदारी घेताहेत! दोन दिवस त्या आनंदात एक टिपणही लिहून काढलं. तिसऱ्या दिवशी मूळ आवाज लावून बसले आणि डोक्याला हात लावला. तिथल्या बोलीत कुठल्याही नामाआधी लाडाने ‘वी’ लावतात, ‘छोटासा’ या अर्थाने. वी प्रश्न, वी मीटिंग, वी अडचण. उच्चार तोच. सॉफ्टवेअरने त्यातल्या बऱ्याच ‘छोटुकल्यां’चे ‘आम्ही’ करून टाकले होते. तेवीस मुलाखती पुन्हा कानाने ऐकल्या. खोट्या ‘आम्हीं’ची छाटणी झाली, मग ‘आम्ही निवडणूक लढवली’ छापाचे निरुपद्रवी ‘आम्ही’ बाजूला काढले. उरलं एक वाक्य.

ते एका निवृत्त राजकारण्याचं होतं. कुठल्या बाजूचे ते सांगत नाही. नव्वद आमदारांच्या, अठरा मतदारसंघांच्या त्या जागेत दोन तपशील दिले की माणूस ओळखू येतो. बोलणं चाललं होतं बेलफास्टमधल्या भिंतींबद्दल. दोन वस्त्यांमधल्या या भिंती १९६९पासून उभ्या राहत गेल्या. २०१३मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केलं होतं की दहा वर्षांत त्या काढू. आम्ही बोलत होतो ते वर्ष २०२३ होतं आणि ते बसले होते तिथून दोन चौक ओलांडले की भिंत होती. मी विचारलं, का नाही निघाल्या? त्यांनी आधी नेहमीचं सांगितलं: भिंतीला लागून राहणाऱ्यांना विचारा, त्यांना रात्री झोप हवी असते. हेही खरंच आहे. मग चष्मा काढला, रुमालाने पुसत राहिले आणि म्हणाले, ‘आम्ही लोकांना भीती दाखवत राहिलो, कारण त्यावर आम्ही निवडून येत होतो.’

दिवा चालू होता. परत येताना बसमध्ये दोनदा तपासून बघितलं.

ते वाक्य मी प्रकरणाच्या सुरुवातीला, वेगळ्या ओळीत ठेवलं. गाइडनी शेजारी बरोबरची मोठी खूण केली. नियमाप्रमाणे प्रत्येकाला त्याच्या मुलाखतीचं शब्दांकन तपासायला पाठवायचं होतं. बहुतेकांनी उघडूनही पाहिलं नसावं. एका बाईंनी स्वतःचे सगळे ‘अं’ आणि ‘म्हणजे’ काढायला सांगितले.

त्या निवृत्त राजकारण्यांचं पाकीट तीन आठवड्यांनी आलं. अठ्ठावीस पानं छापून घेऊन, नीट वाचून परत पाठवली होती. एका गावाच्या नावाचं स्पेलिंग सुधारलं होतं. सव्विसाव्या पानावर, त्या वाक्यातले दोन्ही ‘आम्ही’ खोडून वर बारीक, सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘राजकारणी’. समासात माझ्यासाठी एक ओळ. ‘असं जास्त अचूक होईल.’

मी बदल मान्य केला. संमतिपत्राच्या चौथ्या कलमात तसं लिहिलंच होतं.